आडवा घास

बैल एकाएकी हलके झाले, ते कृष्णातला हातातल्या कासऱ्यातून कळलं. सकाळपासून पाखऱ्या आणि हरण्या माना टाकून चरकाभोवती गोल ओढत होते, आणि आता ते मोकळ्या रस्त्याला लागल्यासारखे चालायला लागले. त्यांच्या मागून लांब लाकूड फिरत होतं. लाकूड ज्या लोखंडी टोपीत बसवलं होतं ती टोपीही फिरत होती. पण टोपीखालचा दांडा आणि त्याचे रूळ जागच्या जागी उभे होते. रुळांत शिरलेला ऊस अर्धा चेचून तसाच राहिला. रसाची धार बारीक झाली, थेंबावर आली आणि थांबली.

चरकापुढं बसून ऊस भरणारा भाऊसो मान वर करून म्हणाला, "कृष्णात, काय केलंस रं?"

"म्या काय करतोय. बैल धरा जरा."

कृष्णात चरकावर चढला. टोपी उचलायला तिघं लागले. खाली चावीचा चुरा झालेला होता. टोपी आणि दांडा एकमेकांत अडकवून ठेवणारा करंगळीएवढा लोखंडी तुकडा, तीच चावी. नुसती तीच मोडली असती तर आकाराम लोहारानं तासाभरात दुसरी घडवली असती. पण ती ज्या खाचेत बसायची ती दांड्यावरची खाचच फाटून पसरट झाली होती. कृष्णातनं तिच्यात बोट घालून पाहिलं. कडा उकललेल्या, बोट इकडंतिकडं हलत होतं.

 भाऊसोनं मागं वळून उसाकडं पाहिलं. तीन गाड्या ऊस तोडून, मोळ्या बांधून पडला होता. तोडलेला ऊस तीन दिवसांत आंबट वासाला लागतो. मग त्याचा गूळ धरत नाही, नुसता चिकट लगदा होतो. आणि चरक उंब्रजच्या लालासाहेबांचा, भाड्यानं आणलेला. पाचव्या दिवशी तो पुढच्या गावाला जायचा होता.

आकाराम लोहार आला. त्यानं दांडा बघितला, विडी पेटवली, पुन्हा दांडा बघितला.

"ह्या बाजूला आता काय राम न्हाई. समोरच्या बाजूला नवी खाच पाडायची. छिन्नीनं चार दिस. आन तरी सरळ येईल ह्याचा भरवसा माझा मला न्हाई. सांगलीला धाडलात तर पंधरवडा."

"पंधरा दिसांनी मी काय चिपाडं गाळू?" भाऊसो म्हणाला.

कृष्णातच्या तोंडून शब्द गेला तो विचार करून गेला नाही. "माझ्या मशीनवर पाडतो. उद्या दिस मावळायच्या आत."

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. आकारामानं विडी तोंडातून काढली. "तुझं मशीन भोक पाडायचं हाय नव्हं? खाच म्हंजे काय भोक हाय का गड्या?"

"भोकच आडवं वढायचं."

"आडवं," आकाराम म्हणाला, आणि विडी पुन्हा तोंडात धरली.

लढाई संपली तेव्हा गावातले जे परत आले त्यांनी घोंगड्या आणल्या, बूट आणले, एकानं चावी देऊन वाजवायचा बाजा आणला. कृष्णात चार वर्षं परदेशात बसऱ्याला, लष्कराच्या वर्कशॉपात होता. त्यानं लष्करानं मोडीत काढलेलं भोक पाडायचं यंत्र आणलं. पुण्याहून लॉरीनं उंब्रजपर्यंत आणि तिथून नदीकाठच्या वाटेनं बैलगाडीत. पुरुषभर उंच, बिडाचा खांब, वर दात्यांची दोन चाकं, बाजूला हातानं फिरवायचं मोठं चाक. गावात त्याला डिरील म्हणायचे. त्याच पावसाळ्यात घरचा एक बैल घटसर्पानं गेला होता. गोठ्यात दुसरीकडं कुठं जागा नव्हती म्हणून कृष्णातनं डिरील त्या बैलाच्या जागी उभं केलं.

कृष्णातचा बाप तात्याबा तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बैल मेला, आन ल्योकानं त्याच्या जागी लोखंड बांधलं. वैरण खात न्हाई म्हनतो. मग शेण तरी कुठं टाकतंय?"

एकट्या हरण्यावर शेती होत नाही. भाऊसोकडंही पाखऱ्या हा एकच बैल होता. म्हणून दोघांनी पैरा केला. आठवडाभर दोन्ही बैल एकाच्या गोठ्यात, आठवडाभर दुसऱ्याच्या. नांगर, कुळव, गाडी, सगळं त्या एका जोडीवर. भाऊसोचा ऊस आधी, तात्याबाचा मागून. पैरा जिभेवर चालतो, आणि म्हणूनच कृष्णातला घरी जाताना चरकातून काढून खांद्यावर घेतलेल्या दांड्यापेक्षा आपला शब्द जड वाटत होता.

त्यानं दुपारी दांडा डिरीलच्या बैठकीवर चढवला. दांडा मनगटाएवढा जाड आणि दोन हात लांब. त्याच्याखाली बाभळीचा ओंडका, ओंडक्याला दांडा बसेल अशी खोबण, वरून दोन लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. ओंडका दोन बाभळीच्या कठड्यांमधून सरकत जाईल अशी त्यानं सोय केली आणि कठड्यांना एरंडेल चोळलं. ओंडका पुढं ढकलायला मागून एक पाचर ठेवली. पाचरेवर हातोडी मारली की ओंडका केसभर पुढं सरकायचा. बसऱ्याहून आणलेली दोन कटरं त्यानं चिंधीतून सोडली. टोकाला आणि अंगालाही धार असलेली, बोटाएवढी.

उस्तादचं बोलणं त्याला आठवत होतं. उस्ताद पंजाबी हवालदार होता. वर्कशॉपात खाचा पाडायचं निराळं मोठं मशीन होतं. कृष्णातनं त्याच्याखालचा लोखंडाचा कीस चार वर्षं झाडला, पण त्याला हात लावायची पाळी आली नाही. एकदा त्यानं डिरीलला कटर लावून बघितलं, तर उस्तादनं मागून येऊन त्याची मान धरली होती. "ये मशीन खड़ी चलती है, आड़ी नहीं. फिर देखा तो हाथ तोड़ दूँगा."

"चाक धर," तो बायकोला म्हणाला.

मनुबाईनं पदर कमरेला खोचला. ती कडेगावकडची, अंगानं बारीक पण दंडात बळ असलेली. रोज भोकं पाडताना चाक तिच्याच हातात असायचं. तिला जात्याची सवय होती. एका लयीत तासभर फिरवायची.

भाऊसो दारात उभा राहिला. आकाराम उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. तात्याबा हरण्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, जणू गोठ्यात दुसरं काही चाललेलंच नाही.

आधी एका टोकाला भोक पाडलं. ते सरळ गेलं. मग कृष्णातनं कटर चढवलं, खाचेला हवी तेवढ्या खोलीवर एकदम उतरवलं आणि पाचरेवर हातोडी मारली. कटरानं पहिला घास घेतला. लोखंडाचा चकचकीत कीस वळून बाहेर आला. भाऊसो एक पाऊल आत आला.

"बगा," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या घासाला यंत्र थरथरलं. मनुबाईच्या हातात चाक अडखळलं. तिनं थांबून नवऱ्याकडं पाहिलं. सासऱ्यासमोर ती बोलायची नाही; चाक थांबवणं हेच तिचं बोलणं.

"फिरव. थांबू नगंस."

तिनं जोर लावला. कटरानं ओंडका स्वतःकडं ओढून घेतला, दांडा खडखडला, आणि कटर पकडणारा लोखंडी चक वरून सुटून खाली पडला. दांड्यावर आपटला, तिथून उडाला आणि मनुबाईच्या पायाच्या अंगठ्याला घासून शेणात जाऊन रुतला. कटराचा एक दात मोडून भिंतीला लागला. दांड्यावर खाचेच्या बाहेर बोटभर लांब ओरखडा उठला.



"पाय बघ," तात्याबा म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

मनुबाईच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. तिनं गोवरीची राख दाबली आणि पाय लुगड्याखाली घेतला.

आकाराम उठला. त्यानं दांड्यावरचा ओरखडा नखानं चाचपला. "माझ्या छिन्नीनं हे बी झालं असतं," तो म्हणाला. त्यात टोमणा होता की समजूत, ते कृष्णातला उमगलं नाही, आणि त्यानं जास्त लागलं.

 भाऊसो आत आला, दाराशी बांधलेल्या पाखऱ्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि बैल बाहेर काढला. अजून चार दिवस पाखऱ्या इथंच राहायचा होता.

"भाऊसो, पाळी आमची हाय," तात्याबा म्हणाला.

"तुमचीच हाय तात्याबा. पन माझा बैल माझ्या दारात असला म्हंजे मला जरा बरं वाटंल. उद्या दांडा झाला तर झाला. न्हाई झाला, तर मी माझं बघतो, तुमी तुमचं बघा."

पाखऱ्या गेला. हरण्यानं दाव्याला हिसका देऊन त्याच्यामागं मान वळवली आणि हंबरला. दिवेलागणीपर्यंत तो खाली बसला नाही. वैरण पुढ्यात तशीच. एका खुंट्याला बैल आणि दुसऱ्या खुंट्याच्या जागी लोखंड. तात्याबा ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. 

सकाळी शेण काढायला मनुबाई गोठ्यात गेली. चक तिथंच पडला होता. काल कुणी उचलला नव्हता. तिनं तो पदरानं पुसला आणि उजेडात धरला. चकाच्या डोक्यात एक निमुळतं, गुळगुळीत भोक होतं. भोकाच्या आत कडेनं पिवळं काहीतरी चिकटलेलं होतं. तिनं बोट घातलं. बोट तेलकट झालं आणि पिवळं.

कृष्णात दारात आला, तेव्हा ती बोट पुढं करून उभी होती.

"आवं, हे काय?"

कृष्णातनं तिच्या बोटाकडं पाहिलं, मग यंत्राच्या खालच्या टोकाकडं. तिथं चक बसायचा निमुळता सुळका होता. त्याला आटे नव्हते, खिळा नव्हता. चक त्याच्यावर दाबून बसवायचा आणि तो नुसत्या घट्टपणावर राहायचा. लोखंडाला लोखंड कोरडं चिकटलं पाहिजे. सुळक्यालाही पिवळा थर होता.

खंडेनवमीला त्यानं डिरील सुटं करून सगळे भाग घोंगडीवर मांडले होते. नांगराचा फाळ, विळे, खुरपी आणि मध्ये हे. मनुबाईनं तेलात हळद कालवून प्रत्येक तुकड्याला लावली होती. एकही रिकामा राहू नये म्हणून सुळक्यालाही आणि चकाच्या भोकातही, करंगळी घालून. त्यानं बघितलं होतं. वर्कशॉपात असता तर त्यानं तिथल्या तिथं रॉकेलनं पुसलं असतं. पण पूजेची हळद त्याच दिवशी पुसायची कशी? तसंच जोडलं. भोक पाडताना चक खालून वर दाबला जातो, म्हणून तीन महिन्यांत काही कळलं नाही. काल आडवा जोर आला, आणि सुटला.

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं.

"माझ्या हळदीनं पडलं व्हय?"

"तुझ्या हळदीनं न्हाई. मी पुसली न्हाई, त्यानं."

"का न्हाई पुसली?"

"तू लावत हुतीस तवा…" तो थांबला. "तू करंगळी घालून लावत हुतीस. मग कशी पुसू."

मनुबाईनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तवाच सांगितलं असतं तर मी देवाला तांब्याभर पाणी जास्त घातलं असतं. देव काय सुळक्यात बसून हाय?" ती चुलीकडं गेली आणि मूठभर राख घेऊन आली. भांड्याचं तेल राखेनं जातं हे तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं सुळका राखेनं घासला, चकाच्या भोकात चिंधी पिळून घासली, पुन्हा राख, पुन्हा कोरडं फडकं. फडकं पांढरं निघेपर्यंत ती थांबली नाही.

कृष्णातनं दिव्याच्या काचेवरचं काजळ बोटावर घेतलं, सुळक्यावर अगदी पातळ लावलं, चक नुसता टेकवून पाऊण फेरा फिरवला आणि काढला. काजळ सगळीकडून सारखं उठलं होतं. म्हणजे चक सगळीकडून नीट टेकत होता. काजळ पुसलं. चक चुलीच्या राखेत थोडा ऊन केला, हाताला चटका बसेल न बसेल इतपत, आणि गार सुळक्यावर चढवून खालून लाकडाचा ठोकळा मारला.

"आता न्हाई निघायचा," तो म्हणाला. तरी त्यानं चक पुन्हा एकदा ओढून पाहिला. एकच कटर उरलं होतं.

त्यानं ओंडका जागेवर आणला. आज त्याला घाई करायची नव्हती. आधी खाचेच्या रेघेवर ओळीनं भोकं पाडायची, एकाला लागून एक. माल भोकांनीच निघून जाईल, कटराला नुसत्या मधल्या भिंती कापायला राहतील. भोकं पाडेपर्यंत दिवस डोक्यावर आला. मग कटर चढवलं, पाचर मागं लावली आणि हातोडी उचलली.

"एका बाजूनं मारतूस," मागून आवाज आला, "दुसऱ्या बाजूनं धरतंय कोन?"

तात्याबा होता. कधी आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. तो ओंडक्याकडं बघत होता, कृष्णातकडं नाही.

"म्हंजे?"

"काल बगितलं मी. तू मारलीस, ओंडका पुढं गेला, आन मग त्या फिरणाऱ्यानं त्याला आपल्याकडं वढला. वढणारच. समोर मोकळं हाय. नांगराच्या रुमण्याला कवा एका बाजूनं पाचर मारत्यात का? एक मारायची, एक ढिली करायची. एक मारायची, एक ढिली करायची."

कृष्णात बापाकडं बघत राहिला. चार वर्षं वर्कशॉपात ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती.

"दुसरी पाचर न्हाई."

"न्हाई कशी." तात्याबानं ओसरीवरून विळा आणला, बाभळीचा तुकडा पायाच्या बोटांत धरला आणि तासायला बसला. विळा जिथं जायचा तिथंच जात होता. तासलेली पाचर त्यानं समोरच्या बाजूनं बसवली, दोन्ही हातांत दोन छोट्या हातोड्या घेतल्या आणि बैठकीपाशी मांडी घातली.

"लय न्हाई हं आबा. नखाएवढं," कृष्णात बापाला म्हणाला.

"तू तुझं बघ. पाचर मला शिकवू नगंस."

मनुबाईनं चाक फिरवायला सुरुवात केली. कृष्णातनं कटर थोडंच उतरवलं, काल उतरवलं त्याच्या चौथाईएवढं. एरंडेलाचे दोन थेंब सोडले. तात्याबानं पुढची पाचर ढिली केली, मागची मारली. टक. किसाचा एक बारीक केस बाहेर आला. टक. दुसरा.

यंत्र थरथरलं नाही, गुणगुणलं. एकदा मध्येच आवाज घोगरा झाला. मनुबाईनं लगेच चाक हळू केलं.

"काय झालं?" तात्याबानं विचारलं. सून उत्तर देणार नाही हे ठाऊक असून त्यानं तिलाच विचारलं.

तिनं पदर पुढं ओढला. नवऱ्याकडं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "जात्यात खडा आला की असंच कण्हतंय."

"कीस साचलाय," कृष्णात म्हणाला. त्यानं खाचेतला कीस फुंकर मारून काढला. पुन्हा गुणगुण सुरू झाली.

एक फेरा झाला की ओंडका मागं आणायचा, कटर आणखी केसभर उतरवायचं, पुन्हा पुढं. दुपार अशीच गेली. कुणी भाकरी मागितली नाही. कृष्णातच्या मानेवरून घाम कटराच्या तेलात पडत होता. मनुबाईनं हात बदलला, पुन्हा बदलला. अंगठ्याच्या जखमेतून रक्त येऊन पायाखालची माती काळी झाली होती. तात्याबाचं लक्ष एकदा तिकडं गेलं. त्यानं हातोड्या ठेवल्या.

"तिला बसायला पाट दे," तो कृष्णातला म्हणाला, "मग मारतो."

हरण्या खुंट्यापाशी उभाच होता. टक टक ऐकून कान हलवत होता.

सूर्य आंब्याच्या शेंड्याला टेकला, तेव्हा कृष्णातनं कटर वर घेतलं. फडक्यानं खाच पुसली आणि तिच्यात बोट फिरवलं. बोट अडखळलं नाही. कडा सरळ, तळ सपाट. फक्त एका अंगाला कालचा ओरखडा होता. तो तसाच राहिला.

बाप दुसऱ्या टोकानं दांडा धरायला आला. दोघांनी तो खांद्यावर घेतला आणि नदीकाठच्या वाटेनं निघाले.

गुऱ्हाळावर आकाराम चावी घडवूनच बसला होता. कृष्णात येईल न येईल याची खात्री नव्हती तरी त्यानं ती घडवली होती, आणि ती मुद्दामच थोडी जाड ठेवली होती. त्यानं दांड्यावरची खाच पाहिली. खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिली. कानस घेऊन तो चावी उतरवायला बसला, आणि उतरवता उतरवता म्हणाला, "ही खाच आडवी वढली म्हंतोस?"

"व्हय."

"हं," आकाराम म्हणाला. दांडा रुळात बसवून टोपी चढवली, तशी चावी खाचेत घालून त्यानं घण मारला. दुसऱ्या ठोक्याला ती बसली, आणि तिच्या बसण्याचा आवाज सगळ्यांना कळला.

पाखऱ्या तिथं होताच. तात्याबा घरी परतून हरण्याला घेऊन आला. दोघं जुंपले. लाकूड हललं. टोपी हलली. या वेळी कृष्णात चरकापुढं वाकून दांड्यावर डोळे लावून बसला होता. दांडा हलला. रूळ फिरले. कालपासून अडकलेला चेचलेला ऊस कुरकुरत आत गेला आणि रसाची धार मडक्यात पडली.

भाऊसोनं ओंजळ पुढं करून रस घेतला, प्यायला, जिभेवर घोळवला. "आंबूस लागतोय थोडा," तो म्हणाला. "पन धरंल." मग तो ऊस भरायला बसला.

दोन दिवसांनी भाऊसोचा गूळ झाला. रंग काळपट आला, पण ढेप धरली. ढेपेतली पहिली खांडकी त्यानं पानावर घालून तात्याबाच्या घरी आणली आणि आल्या आल्या पाखऱ्याला आत नेऊन त्याच्या दाव्याला बांधलं. त्या दिवशी सोडला होता तसाच आज बांधला. जाताना दारात थांबून म्हणाला, "कृष्णात, लालासाहेबाचा मानूस आला हुता. त्यांच्या दुसऱ्या चरकाचा दांडा बी असाच खेळतोय. मी तुझं नाव सांगितलं. उद्या गाडीत घालून आणतील."

"सांगायचं नव्हतं," कृष्णात म्हणाला.

"का रं?"

 भाऊसो गेल्यावर कृष्णात डिरीलपाशी आला. चकाला हातात धरून त्यानं आडवं हलवलं. चक घट्ट होता. पण तो ज्याच्या टोकाला बसायचा तो यंत्राचा उभा दांडाच आता खांबातल्या आपल्या भोकात हलत होता. टक टक. चार दिवसांपूर्वी हलत नव्हता. उस्ताद खोटं बोलला नव्हता. त्या एका खाचेपायी यंत्रानं आपलं अंग झिजवलं होतं, आणि आता त्याच्यावर भोकही सरळ पडेल याची खात्री नव्हती. उद्या दुसऱ्याचा दांडा येणार. नाही म्हणायचं तर तोंड नाही, हो म्हणायचं तर यंत्र नाही. त्यानं पुन्हा हलवून पाहिलं, जणू मघाशी चुकून हललं असेल.

"तसं न्हाई बघायचं," तात्याबा म्हणाला.

तो वैरणीची पेंढी खाली ठेवून आला. कृष्णातचा हात बाजूला करून त्यानं स्वतः चक धरला, डोळे मिटले आणि अगदी हळू हलवला, गाडीच्या चाकाचा तुंबा आसावर खेळतो का ते बघतात तसा.

"खेळतोय," तो म्हणाला. "लय न्हाई. गाडीच्या चाकाला ह्याच्याहून जास्त खेळ असतोय. जुन्या मोटंचं चामडं पडलंय पोटमाळ्यावर. तेलात भिजवून भवतीनं पातळ पट्टी बसवली तर?"

"चामडं? लोखंडात?"

"मोटंच्या चाकात चालतंय, मग हितं का न्हाई चालायचं? चार दांडे तरी निघतील. मग पुढचं पुढं."

 चालेल असं कृष्णातला वाटत नव्हतं, आणि न चालायला काही कारणही सापडत नव्हतं. मग म्हणाला, "बसवून बघू."

तात्याबा चामडं शोधायला निघाला आणि दारातून परत आला. यंत्रासमोर उभा राहिला. वरची चाकं, खांब, बैठक, सगळं त्यानं एकदा नजरेखालून घातलं. यंत्र घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघत होता. एरंडेलाची वाटी त्यानं हातात घेतली.

"वंगण कुठं घालायचं, आन कुठं न्हाई," तो म्हणाला, "ते एकदा नीट दाव मला. पुढच्या नवमीला मी बी असंन."

कृष्णात बोलायच्या आत मनुबाई पुढं आली. तिनं पदर डोक्यावर सारखा केला, आणि सासऱ्यासमोर पहिल्यांदाच मान वर करून चकाच्या वरच्या निमुळत्या सुळक्याकडं बोट केलं.

"हितं न्हाई, मामंजी," ती म्हणाली. "बाकी कुठंबी."